सोलापूरच्या पूर्व भागात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलेल्या मुलीला

चि. हिस,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. उत्तर फोनवरच टाइप करणार होतो, पण लिहिता लिहिता ते एवढं लांबलं की शेवटी वही काढली. अशोक चौकापासून हाकेच्या अंतरावर जागा, शेजारी झेरॉक्सवाला, समोर विडी कारखान्याची ब्रँच. म्हणजे दिवसभर माणसांची ये-जा. जागा चांगली निवडलीस.

“रॅमचा भाव सांगितला की गिऱ्हाईक असं बघतं जणू मीच वाढवलाय, त्यांना काय सांगू,” असं तू विचारलंयस. खरं ते सांग. पण खरं सांगायला आधी ते आपल्याला ठाऊक पाहिजे. आपल्या धंद्यातली बरीच मंडळी “वरूनच वाढून आलंय” म्हणतात आणि मोकळी होतात. त्या “वरून”मध्ये काय काय आहे, ते तुला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

जगातली बहुतेक रॅम, म्हणजे कॉम्प्युटर काम करताना वापरतो ती मेमरी, तीन कंपन्या बनवतात. कोरियाच्या दोन, सॅमसंग आणि एसके हायनिक्स, आणि अमेरिकेची मायक्रॉन. सध्या एआयसाठी जी अजस्र डेटा सेंटर उभी राहतायत, त्यांना एचबीएम नावाची मेमरी लागते, चिपवर चिप रचून केलेली. ती त्याच कंपन्या त्याच सिलिकॉनच्या चकत्यांतून काढतात आणि तिच्यात त्यांना पैसा जास्त सुटतो. मग त्यांनी उत्पादन तिकडं वळवलं आणि आपल्या साध्या रॅमचा तुटवडा पडला. २०२५ सरता सरता भाव दुप्पट-तिप्पट झाले. डिसेंबरात तर मायक्रॉननं जाहीरच केलं की क्रूशियल या नावानं किरकोळ ग्राहकांना माल विकणं आम्ही थांबवतोय.

एवढं पुराण गिऱ्हाइकाला ऐकवायचं नाही. “एआयवाल्या मोठ्या कंपन्यांनी माल उचललाय काका, जगभर महाग झालीय, अमेरिकेतसुद्धा” एवढं पुरे. आणि लगेच पुढचा प्रश्न स्वतःला विचार: याला रॅम खरंच लागणार आहे का?

हे बसल्या जागी कळतं. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघड आणि त्याचं रोजचं काम त्याला तुझ्यासमोर करायला लाव. टॅली, क्रोमच्या त्याच्या त्या टॅब, व्हॉट्सअ‍ॅप, सगळं एकदम. मग स्क्रीन त्याच्याकडं फिरव. आठ जीबीपैकी साठ-सत्तर टक्के मेमरी वापरात आहे आणि डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर चिकटून बसलीय, असं दिसलं तर रॅम घालून काडीचा फरक पडणार नाही. जुनी फिरती हार्ड डिस्क आहे ती, तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसव. एसएसडीही आता पूर्वीएवढी स्वस्त राहिली नाही, पण अशा माणसाचं २५६ जीबीत आरामात भागतं. उलट मेमरी नव्वदच्या वर आणि डिस्क सारखी धडपडतेय असं असेल, तर रॅमच कमी पडतेय आणि तो भाव त्याला सांगायला तुला संकोच वाटायचं कारण नाही. आकडा त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला असतो. गिऱ्हाईक भावापेक्षा आपल्याला गंडवलं जाईल या भीतीनं जास्त घासाघीस करतं, असं माझं मत आहे.

आता तुझा दुसरा प्रश्न, पतसंस्थेचं कर्ज काढून रॅमचा स्टॉक भरून ठेवू का. अजिबात नको. २०११ साली थायलंडला मोठा पूर आला. जगातल्या हार्ड डिस्कच्या उत्पादनाचा मोठा वाटा त्या देशात होता, वेस्टर्न डिजिटलचे तिथले कारखाने पाण्याखाली गेले. इथं आपल्याकडं डिस्कचा सकाळचा भाव संध्याकाळी टिकत नव्हता, सगळीकडं जवळपास दुप्पट झाला. तो खाली यायला वर्षाहून जास्त काळ गेला. भाव चढताना घेतलेल्या मालात पैसा दिसतो, पण उतरायला लागला की तोच माल कपाटात बसून व्याज खातो. आणि मेमरीचा भाव आजवर प्रत्येक वेळी चढलाय तसा उतरलाही आहे, फक्त कधी उतरणार हे कुणी सांगू शकत नाही. मोठा व्यापारी ते सोसू शकतो. तू टेस्टिंगपुरती डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या पिढ्यांच्या रॅमची एकेक काडी, एक चांगला एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), एक एसएसडी एवढं ठेव. बाकी ऑर्डर आली की आणायचं.

त्यातही पहिल्या दिवशीच्या बातमीवर खरेदी करू नकोस. ३ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारनं लॅपटॉप-कॉम्प्युटरच्या आयातीला परवाना लागेल असा आदेश काढला. बाजारात एकच हलकल्लोळ, आता लॅपटॉप मिळणारच नाहीत म्हणून. दुसऱ्याच दिवशी ते ३१ ऑक्टोबरपर्यंत पुढं ढकललं, आणि शेवटी परवान्याऐवजी ऑनलाइन मंजुरीची सोय आली. लॅपटॉप मिळत राहिले. घाबरून ज्यांनी घेतले त्यांनी चढ्या भावानं घेतले, एवढंच झालं.

हीच गोष्ट बिघाडाची. १९ जुलै २०२४, शुक्रवार, तुला आठवत असेल. जगभर विंडोजच्या निळ्या स्क्रीन. विमानतळ ठप्प, आपल्याकडं प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दुपारपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी सायबर हल्ला. रशियानं केला, चीननं केला. निघालं काय, तर क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकन कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे ८५ लाख मशिनं बसली. इलाज काय होता? सेफ मोडमध्ये जायचं, एका फोल्डरमधली एक फाइल उडवायची, रीस्टार्ट. फक्त ते प्रत्येक मशीनपाशी जाऊन, हातानं करावं लागलं, म्हणून दिवस लागले. शिवाय ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांत असतं, घरच्या कॉम्प्युटरवर नसतंच. त्या दिवशी सोलापुरात कुणाच्या घरी निळी स्क्रीन आली असेल तर तिचं कारण वेगळं होतं, टीव्हीवर काहीही चालू असो.

त्या दिवशी ज्यांनी “कुणी केलं” सोडून “शेवटचं काय बदललं” हे विचारलं, त्यांना उत्तर लवकर सापडलं. काउंटरवरही तोच प्रश्न पहिला. पण गिऱ्हाइकाला थेट तसं विचारलंस तर “काहीच नाही केलं ओ, आपोआपच बंद पडलंय” हेच ऐकशील. खोटं बोलत नाही ते, त्याला ते बदल वाटतच नाहीत. तू आडून विचार. परवा लाइट गेली होती का? घराला रंग दिला का, टेबल हलवलं का? नवा प्रिंटर? नातू सुट्टीला आलाय का? रंग दिलेल्या घरातलं मशीन निम्म्या वेळा नुसत्या हललेल्या केबलपायी किंवा रॅमपायी आलेलं असतं. रॅम काढ, सोनेरी दात खोडरबरानं पूस, खटका वाजेपर्यंत दाबून बसव. अशाचे पैसे घ्यायचे, पण पार्ट बदलल्याएवढे घ्यायचे नाहीत.

एक तक्रार तुझ्याकडं हमखास येणार, तिच्यावर जरा जास्त लिहितो. “नेट चालत नाही. वायफायचं चिन्ह दिसतंय, पण गुगल उघडायलंय आणि लाल एरर मारायलंय, सेफ नाही म्हणायलंय.” इंटरनेटवाल्याचा पोरगा येऊन राउटर बदलून गेलेला असतो. कुणीतरी व्हायरस सांगून अँटिव्हायरस विकलेला असतो. तू उजव्या खालच्या कोपऱ्यातली तारीख बघ. साल जुनं असेल, २०१५ किंवा २०१८, जे काही त्या बोर्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, असेल ते. प्रत्येक सुरक्षित साइट आपलं प्रमाणपत्र दाखवते, त्यावर कधीपासून कधीपर्यंत वैध हे लिहिलेलं असतं, आणि ब्राउझर ते मशीनच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ दहा वर्षं मागं असेल तर त्याच्या दृष्टीनं ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही, म्हणून तो दार लावून घेतो. तारीख हातानं बरोबर कर, गुगल उघडेल. पण तेवढ्यावर थांबू नकोस, उद्या मेन स्विच बंद झाला की पुन्हा तेच. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा तो नाण्याएवढा सेल काढ, सीआर २०३२, मल्टिमीटर लाव. नवा तीन व्होल्टच्या वर दाखवतो, अडीचपर्यंत आला असेल तर संपला. बदल, बायोसमध्ये जाऊन तारीख आणि बूटचा क्रम नीट लाव, मशीनची वायर भिंतीतून काढून पाच मिनिटं ठेव, पुन्हा लावून तारीख टिकली का बघ. हे शेवटचं बघितल्याशिवाय मशीन देऊ नकोस.

तुझ्या भागात कारखान्यांतली मशिनं जास्त येणार. यंत्रमागाच्या शेडमधला कॅबिनेट उघडलास की प्रोसेसरच्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, रुईचा थर सापडेल, चिमटीत धरून सोलून काढता येईल इतका जाड. त्याखाली प्रोसेसर नव्वद-पंच्याण्णव डिग्रीवर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मालक म्हणतो व्हायरस आहे, फॉरमॅट मारा. फॉरमॅट मारून चार दिवस बरं वाटतं, कारण मशीन दुकानात गार हवेत असतं, मग परत तेच. ब्लोअर मारताना मशीन बाहेर फुटपाथवर ने आणि फॅनचं पातं बोटानं धरून ठेव. मोकळा सोडला तर तो हवेनं भन्नाट फिरतो, बेअरिंगची वाट लागते आणि उलटा करंट बोर्डात जायचीही भीती. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली जुनी पेस्ट स्पिरिटनं पुसून नवी लाव, तांदळाच्या दाण्याएवढीच. आणि मालकाला सांग की मशीन जमिनीवर ठेवू नका, लाकडी स्टुलावर ठेवा, दर महिन्याला उघडून झाडा. नाही ऐकणार, तरी सांग.

आणि हे पक्कं लक्षात ठेव: जॅकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या मागाच्या) डिझाइनचं मशीन फॉरमॅट करायचं नाही. टॉवेल-चादरीचं डिझाइन ज्यावर काढतात ते सॉफ्टवेअर बरेचदा जुन्या विंडोजवर चालणारं, मागं डोंगल (सॉफ्टवेअर चालायला लागणारी छोटी किल्ली) लावलेलं, आणि ज्यानं बसवून दिलं त्याचा फोन लागत नाही. इन्स्टॉलर हातात आहे का, डोंगल कुठंय, डिझाइनच्या फाइली कुठं ठेवल्यात, ही तिन्ही उत्तरं मिळेपर्यंत त्या डिस्कला हात लावू नकोस. पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढ आणि मगच स्क्रूड्रायव्हर उचल.

कारखानदाराशी बोलताना पेपरातलं पान सात-आठही वाचून जात जा. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं भारतीय मालावर एकूण ५० टक्के कर लावला, तेव्हा टॉवेल बाहेर पाठवणाऱ्यांच्या ऑर्डरी अडकल्या. अशा वेळी “नवं मशीन घ्या” म्हणत उभं राहिलं तर माणूस तोंडदेखलं हो म्हणतो आणि बिल सहा महिने लोंबकळतं. त्यापेक्षा जुनंच अजून वर्षभर चालवून दे. तो ते विसरत नाही, हा माझा अनुभव.

उन्हाळा तोंडावर आलाय म्हणून अर्थिंगचंही लिहून टाकतो. “कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात” असं कुणी म्हणालं तर एसएमपीएस खराब ठरवू नकोस. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यातून गळणारा बारीकसा करंट जमिनीत जातो. नसेल तर बॉडीवर सप्लायच्या निम्मा व्होल्टेज, म्हणजे ११०-११५ च्या आसपास उभा राहतो. घरी जाऊन सॉकेट मोज. फेज-न्यूट्रल २३० आणि फेज-अर्थही तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत, तर ठीक. फेज-अर्थ भलतंच काही दाखवत असेल तर अर्थिंग नावापुरतं आहे. वायरमनला बोलवायला सांग, स्वतः बोर्ड उघडू नकोस. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावं असं पुस्तकात असतं. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात खड्ड्याला पाणी कोण घालणार, हा भाग वेगळा.

विंडोज टेनबद्दल चाटी गल्लीतल्या त्या दिवाणजींना तू काय सांगितलंस ते वाचलं. “बंद पडणार” हा शब्द वापरू नकोस. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं त्याला मोफत अपडेट देणं थांबवलं, मशीन चालू राहतंच. घरगुती वापराच्या मशीनला नाव नोंदवलं तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. विंडोज इलेव्हनला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर. पुष्कळदा टीपीएम असतं, पण बायोसमध्ये बंद करून ठेवलेलं असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी या नावानं दिसेल, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. ते चालू करून बघ, मग नवं मशीन घ्यायची भाषा कर. सहाव्या-सातव्या पिढीचं असेल तर आडवाटेनं इलेव्हन चढवता येतं, यूट्यूबवर शंभर व्हिडिओ आहेत. हिशेबाच्या मशीनवर ते करू नये, असं माझं ठाम मत. पुढचं अपडेट बसलं नाही तर मार्च अखेरीला तो तुझ्या दारात उभा. ज्या आजोबांना फक्त बातम्या वाचायच्यात आणि नातवाशी व्हिडिओवर बोलायचंय, त्यांना विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवून दे. दिवाणजींना नको, त्यांची टॅली विंडोजवरच बरी.

आता जगाच्या गप्पा. काउंटरवर उभा माणूस मशीन चालू होईपर्यंत बोलणारच, आणि सध्या बोलायला ट्रम्प आहेत, युक्रेन आहे, तैवान आहे. कोण बरोबर, कोण चूक यावर तू मत देऊ नकोस. मला मतं कमी नाहीत, पण ती मी जेवायला बसल्यावर घरच्यांवर काढतो. काउंटरवर फक्त तेवढंच बोल जे मशीनपर्यंत येऊन पोचतं. “लाल समुद्रात केबल तुटली म्हणून माझं नेट गेलंय” असं कुणी म्हणालं तर हसू नकोस. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ खरंच केबल तुटल्या होत्या आणि भारतातून पश्चिमेकडं जाणारं इंटरनेट मंदावलं होतं. पण तसं असेल तर बाहेरच्या साइट रेंगाळतात, गल्लीतल्या सगळ्यांच्या रेंगाळतात. एकट्या त्याचंच नेट पूर्ण गेलं असेल तर तार गच्चीवर माकडांनी तोडलीय किंवा रिचार्ज संपलाय.

मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हा तू माझ्याकडंच होतीस. “डान्स ऑफ द हिलरी” नावाचा व्हिडिओ उघडला की फोन साफ होतो, एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, असे मेसेज घेऊन किती लोक आले. एटीएमचं खोटं असल्याचं सरकारच्या पीआयबीनं (पत्र सूचना कार्यालयानं) जाहीर केलं, आणि हिलरीची अफवा तर त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून फिरत होती. तुला आठवतं, मी प्रत्येकाला एकच विचारत होतो: मेसेज पाठवणाऱ्यानं तो व्हिडिओ स्वतः बघितलाय का? त्याच धामधुमीत खरे चोर बँकेची म्हणून एपीके फाइल (उघडली की फोनवर अ‍ॅप बसवणारी) पाठवत होते, लग्नाची पत्रिका म्हणून एपीके पाठवत होते. लोक अफवेला भितात आणि पत्रिका उघडतात. अशी फाइल टाकलेला फोन आला तर आधी सिम काढ, वायफाय बंद कर, बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवायला सांग, पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावून दे. फोन साफ करायचं काम त्यानंतर. तिथं वेळेला किंमत आहे.

दुसरी एक बातमी मात्र प्रत्येक हिशेबनीसाला, वकिलाला सांगावी अशी. नायरा एनर्जी, गुजरातेत वाडीनारला जिची रिफायनरी आहे, तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा जवळपास निम्मा हिस्सा. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघानं तिच्यावर निर्बंध घातले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टनं तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले, कंपनी भारतातली, तरी स्वतःच्या ईमेलपर्यंत पोचता येईना. दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर सेवा पुन्हा सुरू झाल्या. आपल्या चाटी गल्लीवर युरोप निर्बंध घालणार नाही, हे मलाही कळतं. पण पासवर्ड विसरणं, जुना मोबाइल नंबर बंद होणं, खातं लॉक होणं हे रोजचं आहे आणि परिणाम तोच. म्हणून ज्याचं सगळं क्लाउडवर आहे त्याला एक बाहेरची डिस्क घ्यायला लाव, महिन्याला कॉपी काढायला शिकव, आणि कॉपी झाली की ती डिस्क काढून कपाटात ठेवायला सांग. लावून ठेवलेली डिस्क खंडणी मागणाऱ्या व्हायरसला मशीनसोबतच सापडते.

“मालक कुठं आहेत?” असं तुला विचारतात म्हणतेस. विचारणार. वाद घालू नकोस. मशीन घे, त्याच्यासमोर उघड, काय मोजतेयस ते मोठ्यानं बोलत मोज. बारा व्होल्टच्या पिवळ्या वायरवर मीटर लाव आणि त्यालाच आकडा वाचायला सांग. ११.४ च्या खाली असेल तर एसएमपीएस गेलाय, हे त्याच्याच तोंडून निघू दे. पुढच्या वेळी तो मालकाची चौकशी करणार नाही. तपासणीचे पैसे मात्र आधी सांग आणि घे, दुरुस्ती होवो न होवो. डोकं चालवल्याचे पैसे मागायला लाजणारे शेवटी न लागणारे पार्ट विकून ते वसूल करतात. मी पाहिलेत असे.

कुठलाही लॅपटॉप हातात घेतलास, विशेषतः अलीकडचा, की बायोसला किंवा बोर्डाला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघ. नव्या विंडोज इलेव्हनमध्ये मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगइन केलं की डिस्क गुपचूप एन्क्रिप्ट होते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. बोर्ड बदलला, बायोस अपडेट केला, की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडायचा नंबर, मागतं. ती त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि ते खातं दुकानदारानं विकताना कुठल्या तरी ईमेलवर उघडून दिलेलं असतं. ती की नाही तर डेटा नाही, तिथं तुझं-माझं कसब चालत नाही. म्हणून ती की मिळवून कागदावर उतरवून घे, मग काम.

त्या फोटोग्राफरच्या दोन टीबीच्या डिस्कचा तू पाठवलेला फोटो बघितला. क्रिस्टल डिस्क इन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधले ते आकडे हेक्समध्ये आहेत, मेनूतून साध्या दशमान आकड्यांत करून घे म्हणजे घाबरायला होणार नाही. पण करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचायला अडणाऱ्या जागा, वाढतायत हे खरं आहे. चेक डिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवू नकोस. मरायला टेकलेल्या डिस्कवर ते चालवणं म्हणजे आजाऱ्याला पळायला लावणं आहे, शिवाय फाइलींचे तुकडे करून ठेवतं ते वेगळंच. खटखट आवाज येत नाही ना? आला तर त्या क्षणी बंद कर, आपलं काम नाही ते, पुण्याला डेटा रिकव्हरीवाल्यांकडं पाठवायला सांग. खर्चाचा अंदाज त्यांच्याकडूनच घेऊ दे, तू आकडा सांगू नकोस.

आवाज नसेल तर आज रात्री क्लोन, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब प्रत, लाव. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून बूट कर, डीडीरेस्क्यू हा प्रत काढणारा प्रोग्रॅम वापर. ज्यावर उतरवायचं ती डिस्क तेवढीच किंवा मोठी पाहिजे. सुरू करण्याआधी कुठून कुठं हे सिरियल नंबर वाचून दोनदा ताड, कारण उलटं लागलं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल. पहिल्या फेरीत खराब जागा ओलांडून जाऊ दे, चांगला भाग आधी हाती येऊ दे, मग दुसऱ्या फेरीत अडलेल्या जागा. मॅप फाइल (कुठवर झालं याची नोंद) वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेव, म्हणजे मध्येच लाइट गेली आणि यूपीएसनं मान टाकली तरी तिथूनच पुढं सुरू होईल. डिस्कवर छोटा टेबलफॅन सोड. सकाळी फोटोग्राफरचा फोन येईल, त्याला लग्नसराईतली डिलिव्हरी द्यायची असणार. किती टक्के आलं तो आकडा सांग, सगळं येईल असं म्हणू नकोस. आणि दुसरी फेरी अडली तर मला फोन कर, अकरापर्यंत जागा असतो.

तुझा,
काका